धोटा, माठ आणि मुकादम

कामगारांचा इतिहास लिहिणारे जखमा मोजतात. पट्ट्यात हात गेला, बॉयलर फुटला, छातीत कापूस बसला. हे मोजलेच पाहिजे. पण कामावर रोज आणखी एक इजा होते आणि ती कुठल्याच वहीत चढत नाही. माणसाला नावाने हाक न मारणे. त्याचा हात लागला म्हणून पाणी ओतून देणे. चूक दुसऱ्याची असताना चारचौघांत त्याला झाडणे. आणि हे सगळे गिळून त्याने पुन्हा यंत्रापुढे उभे राहणे. या इजेचा इतिहास कोण लिहिणार? आपणच लिहिला पाहिजे, कारण आपल्या लोकांच्या वाट्याला ती पिढ्यान्‌पिढ्या आली आहे.

लिहिताना एक प्रश्न मात्र सोडायचा नाही. ही इजा होत होती तेव्हा वर कोण बसले होते? 'तेव्हा समाजच तसा होता' असे म्हणून पुष्कळांनी हात झटकले. समाज तसा होता हे खरेच. पण प्रत्येक खात्यात, कचेरीत, संघटनेत एक माणूस असा असतो की त्याच्या एका शब्दाने खालचा माणूस मोकळा श्वास घेतो किंवा गुदमरतो. जॉबर, राजा, युनियनचा पुढारी, सरकारातला मंत्री अशा काही जणांची हजेरी मी इथे घेणार आहे. शेवटी आपलीही घ्यायची आहे.

१

मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची सुरुवात १८५४ साली कावसजी दावर यांनी केली. १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी इथे गिरणगाव उभे राहिले. कोकणातून माणसे आली, घाटावरून आली. गावकी आणि वेठबिगारीला विटलेले आपले लोकही आले. शहरात जात कोण विचारतो, अशी आशा होती.

बहुतेक कामगारांनी गिरणीचा मालक जन्मात पाहिला नाही. त्यांच्या लेखी मालक म्हणजे जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो. भोंगा झाला की दरवाज्याशी बदलीवाल्यांचा घोळका उभा असे. त्यातून आज कोणाला आत घ्यायचे हे ठरवणाराही तोच. त्याला दस्तुरी द्यावी लागे. खोली, उधारी, खानावळ यांचे धागेही कैक वेळा त्याच्याच हातात. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे होती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले. नोकरीवर घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसर नेमावेत, असे सुचवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्याने जॉबरची नखे थोडी कापली गेली, इतकेच.

यातली गोम नीट पाहा. भाकरी आणि अब्रू या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मुठीत दिल्या, की खालचा माणूस दिवसभर त्या मुठीकडे बघत राहतो. माझा बाप रिंग खात्यात होता. गिरणी कोणती ते सोडा. तो म्हणायचा, "मशीनची भीती नाय वाटायची. मशीन कळतं. त्याचा आवाज बदलला की माणूस सावध होतो. जॉबरची मर्जी कळत नाय." पट्टा सैल झालेला दिसला तरी हे लोक लवकर बोलत नसत. बोलणे म्हणजे कटकट, कटकट म्हणजे उद्याचा खाडा. पट्टा तुटून कोणाला लागले, की वहीत 'अपघात' म्हणून नोंद व्हायची. तो अपघात आदल्या दिवशीच्या भीतीतून झाला, हे कुठे लिहायचे?

म्हणून मनाची सुरक्षितता आणि हातापायांची सुरक्षितता असे दोन खण करू नका. ज्याला बोलायची चोरी, त्याचा हातही सुरक्षित नाही.

२

आता धोट्याकडे येऊ. गिरणीत सगळ्यात बरा पगार विणकाम खात्यात, म्हणजे साचाखात्यात. तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. आपल्या लोकांनी रिंग खात्यात राबावे, साफसफाई करावी, हमाली करावी. कारण काय? तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि तिचे सूत धोट्याच्या भोकातून ओढायला तोंड लावून श्वास आत घ्यायचा. सूत तोंडाने ओढले म्हणजे धोट्याला थुंकी लागली. महाराच्या थुंकीचा धोटा मराठ्याने तोंडाला कसा लावायचा?

धोट्याला तोंड लावायची चाल परदेशातही होती. लँकेशायरच्या विणकरणी तेच करत. त्याने रोग पसरतात, दात जातात, अशा तक्रारी तिकडे झाल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायदा करून असे धोटे बंद करायला लावले. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघाले होते. म्हणजे तिथे जंतूंचा प्रश्न आला तेव्हा अवजार बदलायची गोष्ट झाली. इथे विटाळाचा प्रश्न आला तेव्हा माणसालाच दाराबाहेर ठेवले गेले.

हा निर्णय कोणाचा? गंमत अशी, की तो कोणाचाच नव्हता. मालक म्हणे, आमची हरकत नाही, विणकरच ऐकत नाहीत. विणकर म्हणे, ही आमची रीत आहे. जॉबर म्हणे, मी आपल्या माणसांना नाराज कसे करू? प्रत्येकाने बोट दुसऱ्याकडे दाखवले आणि बंदी दशकानुदशके टिकली. बिनहुकमाचा हुकूम सगळ्यात कडक असतो. लेखी असता तर फाडता आला असता.

आणि त्या माणसाच्या मनाचे काय होत असेल? शेजारच्या खात्यात आपल्या हातचेच सूत जाते. त्याचे कापड होते. ते कापड सगळा देश अंगावर घालतो, कोणाला विटाळ होत नाही. सूत शुद्ध, सूत कातणारा अशुद्ध. दहा-बारा तास उभा राहून माणूस हे रोज बघतो. 'आपली लायकीच एवढी' असे त्याला हळूहळू वाटू लागले तर तो त्याचा दुबळेपणा म्हणायचा काय? ते त्याला शिकवलेले असते, पगार कापून शिकवलेले.

३

'वर भला माणूस असला की खाली सगळे ठीक होते' असे पुष्कळांना वाटते. त्यांनी बडोदे आठवावे.

सयाजीराव गायकवाड हे त्या काळातले पुढारलेले राजे. त्यांच्याच शिष्यवृत्तीने भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले. करार होता म्हणून १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राजाच्या मनात त्यांना मोठ्या जागेवर न्यायचे होते. पण कचेरी राजाच्या मनावर चालत नव्हती. शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली टाकत. ते उठले की जाजम गुंडाळत. कचेरीत प्यायला पाणी मिळायची मारामार. चरित्रकारांनी हे नोंदवून ठेवले आहे. राहायला जागा नव्हती, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. मित्रांकडे आसरा मिळाला नाही. कोलंबियात शिकलेला हा विद्वान गाडीची वेळ होईपर्यंत बडोद्याच्या बागेत बसून राहिला. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत हा प्रसंग आहे. तो सांगताना वर्षांनंतरही त्यांचे डोळे भरून येत, हेही त्यांनी लिहिले आहे. मित्रांनो, अपमान मनात किती काळ राहतो याचा यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

राजाला कळवले गेले. राजाने प्रकरण दिवाणाकडे पाठवले. दिवाणाने काही करता येत नाही असे सांगितले. संपले!

सयाजीरावांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्यांची भलाई शिष्यवृत्तीच्या कागदापर्यंत आली आणि कचेरीच्या उंबरठ्यावर थांबली. शिपायाला ठाऊक होते की फाईल फेकली म्हणून आपली नोकरी जाणार नाही. दिवाणाला ठाऊक होते की 'जमत नाही' म्हटल्याने आपले काही बिघडणार नाही. वरच्याची इच्छा आणि खालच्याचा अपमान यांच्यामध्ये ज्या पायऱ्या असतात, त्यातल्या एकीनेही जबाबदारी घेतली नाही. पुढारीपणाची परीक्षा त्या मधल्या पायऱ्यांवर होते.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला काही गुजराती प्राध्यापकांनी हरकत घेतली. गिरणीत धोटा, कॉलेजात माठ. शिक्षण वाढले म्हणून विटाळ कमी झाला नाही.

४

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख कामगार. डांगे, निंबकर, मिरजकर, आळवे, कासले ही त्या लढ्यातली नावे. त्यांनी सोसले, तुरुंग भोगले, ते नाकारायचे कारण नाही. पण मागण्यांची यादी तयार झाली तेव्हा तिच्यात पगार होता, तास होते, साचे किती सांभाळायचे ते होते, आणि साचाखात्यातली बंदी मात्र नव्हती. कामगारांची एकजूट हवी म्हणणाऱ्यांना एकजुटीच्या मधोमध उभी असलेली ही भिंत दिसली नाही. दिसली असेल तर तिच्यावर हात टाकायची हिंमत झाली नाही, कारण पलीकडचे विणकर म्हणजे संघटनेचा कणा.

बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना साफ सांगितले, की अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करायचा हक्क आहे हे तुम्ही मान्य करा. नाही तर आमच्या लोकांनी संपात राहू नये असे मला सांगावे लागेल. मोठ्या नाइलाजाने ती मागणी घेतली गेली. ती मालकांपुढे आली तेव्हा मालकांनी पुढाऱ्यांनाच टोमणा मारला, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! मालक काही संत नव्हते. पण त्या दिवशी त्यांना टोमणा मारायची संधी कोणी दिली, याचा विचार पुढाऱ्यांनी करायला हवा होता.

१९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्यावरून त्यांना फोडाफोडी करणारे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना १९३८ साल दाखवा. त्या वर्षी १२ आणि १३ फेब्रुवारीला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे मांडले. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणातली एक बारीक गोष्ट फार कमी लोक सांगतात. रेल्वेतला अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला आपल्या घरी घरगडी म्हणून राबवतो. आता घरात महार कसा चालेल? म्हणजे सवर्ण पोर्टरकडून फुकट चाकरी घ्यायची हे एक पाप, आणि त्या पापापायी अस्पृश्याची बढती अडवायची हे दुसरे. दोन्ही पापे एकाच साहेबाच्या घरात. पुढाऱ्याची नजर कशी असावी ते इथे शिका. तो घोषणेवर थांबला नाही. नोकरीची कोणती पायरी नेमकी कोणाच्या सोयीसाठी मोडली आहे, हे त्याने शोधून काढले.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क आवळणारे ते बिल होते. त्या दिवशी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. पोलिसांचा गोळीबार झाला. ज्याने दहा वर्षांपूर्वी संपाच्या पुढाऱ्यांना अडवून धरले, तोच आता संपाच्या पुढे होता. यात विसंगती नाही. ज्या एकजुटीत आपल्या माणसाला मान खाली घालून उभे राहावे लागते ती त्याने नाकारली, आणि ज्या लढ्यात तो ताठ उभा राहू शकत होता त्यात तो उतरला.

५

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. आता ते स्वतःच वर बसले होते. म्हणून इथली हजेरी जास्त काळजीने घेतली पाहिजे.

ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार या तिघांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या काळात कामगाराच्या प्रतिनिधीने मालकाच्या समोर त्याच टेबलाला बसायचे, हीच केवढी गोष्ट! नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी कामगार संघटनांना मालकांनी मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक आणले. पुढे १९४७ साली तसा कायदा झाला, पण तो अमलातच आणला गेला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाखाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. १९४४ मध्ये कोळसाखाण कामगारांसाठी कल्याण निधी झाला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले.

हेही लिहून ठेवले पाहिजे, की युद्धाच्या काळात कोळशाची टंचाई पडली म्हणून बायकांना खाणीत उतरवण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली, आणि ती १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. त्यावर त्या वेळी टीका झाली. तीही इतिहासात राहू द्या. भक्तांना टीका सोसत नाही, अनुयायांना सोसली पाहिजे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगणारे तेच होते.

या चार वर्षांतून माझ्यासारख्याने काय घ्यावे? जॉबरच्या मर्जीवर चालणारी गोष्ट त्यांनी नियमात आणली. कामाचे तास, टेबलावरची जागा, निधीचा पैसा. साहेब चांगला असो की वाईट, कामगाराला जे मिळायचे ते मिळालेच पाहिजे, अशी सोय. मर्जीतून सुटलेला माणूस रात्री झोपू शकतो. मनाचे आरोग्य म्हणतात त्याचा पाया इथे आहे.

६

हे सगळे आता शास्त्रानेही मान्य केले आहे. १९६७ पासून लंडनच्या सुमारे १८ हजार सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. मोठ्या साहेबावर ताण जास्त, म्हणून हृदयविकार त्यालाच, असा समज होता. निघाले उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या माणसांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळे हिशेबात धरले तरी बराच फरक उरला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. १९९९ मध्ये एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी लिहिले, की जिथे चूक कबूल करायला, शंका विचारायला माणूस घाबरत नाही तो गट लवकर शिकतो, आणि ही निर्भयता पुढाऱ्याच्या वागण्यातून येते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामावरची हिंसा आणि छळ यांविरुद्ध करार केला. त्यात मानसिक इजेचाही उल्लेख आहे. लंडनच्या साहेबांना आकडे मोजून जे कळले, ते चाळीतल्या बायांना नवरा डबा कसा खाली ठेवतो यावरून कळत होते.

आपल्याकडे कायदे आहेत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण जातीवरून अपमान केल्याचा गुन्हा ठरायला तो लोकांच्या नजरेपुढे झालेला असावा लागतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले, की चार भिंतींच्या आत, त्रयस्थ कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. आणि साहेबाच्या केबिनला भिंती किती असतात? चारच.

मी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षे काढली. हातात पट्टा नाही, तोंडात सूत नाही, तरी जॉबर होता. त्याचे नाव गोपनीय अहवाल. एका साहेबाच्या काळात आमच्या शाखेतली राखीव जागेवरची दोन पोरे सारखी आजारी पडत. 'तुमचं बरं आहे बाबा, तुम्हाला काय' हे वाक्य साहेब चहा पिताना हसत म्हणायचा आणि टेबले हसायची. तो गेला, दुसरा आला. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तेच वाक्य टाकले. नव्या साहेबाने पेन खाली ठेवून विचारले, "म्हणजे काय? मला समजवून सांगा." सांगता कोणालाच येईना. त्यानंतर ते वाक्य आमच्या शाखेत ऐकू आले नाही आणि पोरांच्या रजाही कमी झाल्या. कचेरी तीच, काम तेच, माणसे तीच. तो नवा साहेब काही आपला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवालातली प्रत्येक नोंद नोकराला कळवली पाहिजे असा निकाल दिला, तेव्हा आमच्यातल्या कैक जणांना आपल्याविषयी काय लिहिले जाते ते पहिल्यांदा वाचायला मिळाले.

जात लपवून नोकरी करणारे तर वेगळेच जळतात. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्याचे नाव आजही हजारो कर्मचाऱ्यांच्या मनातला विषय आहे. आडनाव विचारले की पोटात गोळा येणारा माणूस सुरक्षित आहे असे कोण म्हणेल?

आणि सगळ्यात खाली गटार आहे. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले. २०२३ मध्ये ३० लाख सांगितले. तरी माणसे उतरतात आणि वायूने गुदमरून मरतात. त्या झाकणापाशी उभा असलेला मुकादम किंवा ठेकेदार म्हणतो, "उतर". त्याला 'नाही' म्हणायची ताकद त्या पोरात नसते, कारण उद्याची हजेरी त्याच्याच वहीत आहे. वायू नंतर मारतो. आधी मारते ती ही न बोलता येण्याची अवस्था.

७

आता आपली हजेरी.

चळवळीतल्या तरुणांनो, तुमच्यातले काही जण उद्या साहेब होणार, काही कर्मचारी संघटनांचे अध्यक्ष, काही नगरसेवक. काही आजच शाखाप्रमुख आहेत. व्यवस्थेने आपल्याला चटके दिले. पण चटके खाल्लेला माणूस आपोआप भला पुढारी होतो, असा नियम नाही. ज्याने फक्त जॉबर पाहिला त्याला पुढारी म्हणजे जॉबरच वाटतो. आपल्याही संघटनांत मी मुकादम पाहिले. कार्यकर्त्याला सभेत सर्वांपुढे 'तुला काय कळतं' म्हणणारे. प्रश्न विचारला की 'गद्दार' ठरवणारे. बाईने मुद्दा मांडला की 'आधी चहाचं बघा ताई' म्हणणारे. मेहतर, मांग, भटका कार्यकर्ता सतरंज्या घालायला पुढे आणि फोटोत मागे ठेवणारे. हा धोटा आपल्याही हातात आहे, हे ओळखा.

मोठे ग्रंथ वाचा, जरूर वाचा. पण त्याआधी आपल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत काही साध्या गोष्टी बघा. बैठकीत सर्वांत शेवटी कोण बोलतो? की कोणी बोलतच नाही? अध्यक्षाची चूक दाखवलेला कार्यकर्ता पुढच्या बैठकीला येतो का? ज्याच्याकडून चूक झाली तो ती स्वतःहून सांगतो, की लपवतो? तक्रार करायची झाली तर ती अध्यक्षाशिवाय दुसऱ्या कोणाकडे करता येते का? पैशाची आणि कामाची वाटणी वहीत आहे, की कोणाच्या मर्जीत? ताई किती वेळ खुर्चीवर बसल्या आणि किती वेळ स्टोव्हपाशी होत्या?

कर्मचारी संघटनेत असाल तर आणखी एक काम करा. मागण्यांच्या यादीत पगार, भत्ता, बढती यांच्या खाली एक ओळ घाला, की कामावर कोणाचाही अपमान होणार नाही याची जबाबदारी त्या खात्याच्या प्रमुखाची राहील आणि अशा तक्रारी वेगळ्या वहीत नोंदल्या जातील. या ओळीला सभासद हसतील. 'असल्या नाजूक गोष्टींनी संप होतात काय' असे म्हणतील. तेव्हा त्यांना १९२८ ची यादी सांगा. तिच्यात साचाखात्याची मागणी नाइलाजाने का होईना घालावी लागली, कारण एक माणूस तिच्यासाठी अडून बसला होता.

तुमच्या शाखेत असा अडून बसणारा कोण आहे, आणि तो अडून बसला तर तुम्ही त्याला बसू देता का, एवढे तपासून मग बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावा.